हे कुणाच्या अंगणात आहे?

९ ऑक्टोबर

भिंगरे,

हे पत्र तुला कुठे गाठेल देव जाणे. तुझा शेवटचा पत्ता छापखान्याचा, त्याच्या आधीचा बोटीचा, आणि त्याच्याही आधी तू कुणाच्या तरी बकऱ्या राखत होतीस. छापखानेवाल्याने हे पुढे पाठवलं तर त्याचं भलं होवो. ठेवून दिलं तर त्याच्या शाईत पाणी पडो.

राष्ट्रीय बागकाम मंडळाची शरदाची पत्रिका काल आली. अजून तुझ्या काकाच्याच नावावर येते. आत नेहमीचंच: निवडुंग गटाची सहल, खताच्या खड्ड्यावर व्याख्यान, कुठल्याशा शाखेचा सर्वांत लांब भोपळा आणि त्याला बाळासारखा कडेवर घेतलेली बाई. मुखपृष्ठावर मात्र काकाचं फूल.

तू म्हणशील, कशावरून त्याचंच? अगं, तू शाळेला दांड्या मारत होतीस तेव्हापासून तो माणूस परसात वाकून एका डेलियाचे पराग रंगाच्या ब्रशने दुसऱ्यावर नेत होता. माझं अर्धं आयुष्य त्याची पाठ बघण्यात गेलं. ते फूल मी ओळखणार नाही? समोरून काळपट लाल, आणि प्रत्येक पाकळीची पाठ राखाडी पांढरी. वारा आला की विझत्या निखाऱ्यावरची राख उडाल्यासारखं दिसतं. असं दुसरं नाही.

नव्या फुलाला नाव हवं असेल तर ते आधी मंडळाच्या बागेत, परीक्षण वाफ्यात एक हंगाम वाढावं लागतं. म्हणून काकाने वसंतात एक गड्डा मंडळाच्या अध्यक्षाच्या हातात नेऊन दिला. तोच तो, ज्याला मी पहिल्यापासून झेंडू म्हणते: भरगच्च, कुठेही उगवणारा, आणि जवळ गेलं की उग्र वास. मग काका आजारी पडला. मी दवाखान्यात, घरी परसातला नळ ठिबकत राहिला, आणि घरचे सगळे कंद सडले. काका गेला ते तुला माहीतच आहे. तू आली होतीस, दोन दिवस राहिलीस, आणि मग तुझ्या पायाची भिंगरी फिरली.

फोटोखाली काय छापलंय ते वाच: ‘मंडळाच्या वाफ्यात आपोआप उमललेली नवलाई. पुढच्या वार्षिक प्रदर्शनात अध्यक्षांच्या मातोश्रींच्या नावाने नामकरण.’ आपोआप! त्याच्या मातोश्रींनी जन्मात प्लास्टिकच्या फुलावरची धूळ तरी झटकली असेल का?

मी लगेच मंडळाला फोन केला. उत्तर मिळालं, असा गड्डा मिळाल्याचं कुणाला आठवत नाही, आणि तुमच्या यजमानांचं सभासदत्व संपल्यामुळे तक्रार घेता येत नाही. मग पत्रिका कुणासाठी पाठवता रे, मेलेल्या माणसाने वाचायला?

नोव्हेंबरात मंडळाच्या बागेत कंद काढायला रोजंदारीवर माणसं घेतात. तुला तिथे कुणी ओळखत नाही. जा. काकाचे कंद शोध आणि त्यांच्यावर उकळतं पाणी ओत. वरून तसाच दिसतो, आतून बटाट्यासारखा शिजतो. ते फूल आता जगात फक्त तिथेच आहे. तुझ्या काकाच्या नावाने जगणार नसेल तर मेलेलं बरं.

मी शुद्धीवर आहे. गोळ्या वेळेवर घेते.

काकू

•

१९ नोव्हेंबर

काकू,

रागावू नकोस, पोचले. उशीर झाला कारण वाटेत एका ठिकाणी विहीर उपसत होते आणि मी म्हटलं, बघू तरी तळाला काय निघतं. सगळं गाव काठावर. सायकल निघाली. अख्खी, घंटीसकट. घंटी वाजलीसुद्धा! आता एवढं बघितल्यावर ती कुणाची ते कळल्याशिवाय पाय निघतो का? पण ते राहू दे.

काम लगेच मिळालं. मुकादमाने विचारलं, “काय येतं?” मी म्हटलं, “बोट धुता येते, टाइप जुळवता येतात, बकऱ्या राखता येतात.” तो म्हणाला, “म्हणजे काहीच येत नाही. उद्यापासून ये.” भला माणूस आहे. कमरेला छोटा रेडिओ बांधलेला, त्यावर हवामान ऐकतो आणि प्रत्येक वाक्याला “खोटं” म्हणतो.

इथे डेलियाची खोडं वितीवर छाटतात, फावड्याने लांबून गोल खणतात आणि गड्डा अलगद उचलतात. मग धुऊन, पत्र्याच्या शेडमध्ये उलटा टांगून ठेवतात, खोडातलं पाणी गळून जायला. शेडभर वटवाघळं लटकल्यासारखं दिसतं. काकाचे गड्डे मीच काढले. एका गड्ड्याचे त्यांनी फुटव्यांवरून बरेच केलेत.

तुझा झेंडूही पाहिला. पांढरी विजार, पांढरे बूट. फोटोवाला बरोबर होता. मुकादमाच्या हातातलं फावडं काढून घेतलं, रुमालाने पुसलं, ऐटीत धरलं आणि मुकादमाला म्हणाला, “तुम्ही जरा बाजूला व्हा, सावली पडतेय.” मग माझ्याकडे वळून म्हणे, “बाळ, कंदांशी बोलत जा.”

“काय बोलू?”

“काहीही. प्रेमाने.”

मग मी तुझं पत्र कंदांना म्हणून दाखवलं. हळू आवाजात.

पाण्याचं म्हणशील तर किटली उकळली होती. खरंच. शेडमध्ये कुणी नव्हतं. तेवढ्यात मुकादम आला, “वा, पाणी ठेवलंस!” म्हणाला आणि पत्ती टाकून मोकळा. आता चहा ओतू का कंदांवर? बघते पुढे. घाई नको.

तुझी भिंगरी

•

११ डिसेंबर

भिंगरे,

किटली तुझी, चहा तुझा आणि थापही तुझीच. तुझ्या बापाला लहानपणी कोंबडी धरायला पाठवलं होतं. संध्याकाळी कोंबडी खांद्यावर बसवून परत आला. तुझ्यात तेच रक्त.

आता मी सांगते ते नीट वाच, मध्येच सायकल बघायला जाऊ नकोस.

इथल्या शाखेच्या सभेला मी अजून जाते. सभासद नाही, पण हाकलायची कुणाची हिंमत नाही. पहिल्या रांगेत बसते, म्हणजे बोलणाऱ्याला माझ्याकडे बघावंच लागतं. मागच्या आठवड्यात गुलाबाची छाटणी कशी करावी ते दाखवायला एक तज्ज्ञ आले आणि त्यांनी स्वतःचा अंगठाच छाटला. मी टाळ्या वाजवल्या. त्याच सभेला प्रमुख पाहुणा म्हणून झेंडू आला होता.

सभा संपल्यावर तो माझ्याजवळ आला. खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “वहिनी, पत्रिकेतलं फूल पाहिलंत ना? काय सांगू, प्रत्यक्षात त्याहून सुंदर. तुमच्या ह्यांनी बघायला हवं होतं.”

कळलं का काय म्हणाला? ज्याने केलं त्याने बघायला हवं होतं म्हणे.

आणि मी हसले. भिंगरे, मी त्याच्या तोंडाकडे बघून हसले, कारण दुसरं काय करावं ते सुचलंच नाही. घरी आले, दाराची कडी लावली आणि ते हसू तोंडावरून जाईना. अजून गेलेलं नाही. जेवताना असतं, भांडी घासताना असतं. ते मला त्याच्या तोंडावर नेऊन चिकटवायचंय.

तुला जमत नसेल तर सरळ लिही. मी येते किटली घेऊन.

काकू

•

२४ फेब्रुवारी

काकू,

हो, थाप होती. चहा मीच केला. गड्डा हातात घेतला आणि हात पुढे होईना, एवढंच. पण आता जे झालंय ते ऐक, आणि ऐकण्याआधी बस. उभी असशील तर खरंच बस.

थंडी सरली की गड्डे फोडतात. एका गड्ड्याला बरेच कंद असतात, रताळ्यासारखे. पण कंद लठ्ठ असला म्हणजे उगवतो असं नाही. जुन्या खोडाचा तळ असतो ना, तिथे डोळे असतात, बारीक, मुरमाएवढे. कापताना कंदाबरोबर डोळ्याचा तुकडा आला तर कंद उगवणार. नाही आला तर तो आंधळा. आंधळा कंद मातीत नुसता पडून राहतो, मुळ्याही सोडतो, मस्त गुटगुटीत दिसतो. पण वर काही म्हणजे काही येत नाही. हे इथे झाडूवालीलासुद्धा माहीत आहे.

काकाचे गड्डे फोडायला मुकादमाने मलाच बसवलं. मी काय केलं, लठ्ठ कंद आंधळे कापले आणि डोळे सगळे बारक्या, वाकड्या, शेपटीएवढ्या कंदांबरोबर ठेवले. दोन टोपल्या केल्या. झेंडू आला. तो दर शाखेला एकेक पेटी पाठवणार आहे, म्हणजे प्रदर्शनाला सगळा हॉल ह्याच फुलाने भरेल. टोपल्यांपुढे उकिडवा बसला आणि भोपळ्याचं परीक्षण करतात तसा एकेक कंद तळहातावर तोलू लागला.

“हे बघा, असा हवा! याला म्हणतात प्रकृती.”

मी म्हटलं, “आणि हे बारके, साहेब?”

“ही काय मंडळाची शोभा आहे? टाका खतात.”

काकू, मी शपथेवर सांगते, मी त्याला फसवलं नाही. मी नुसत्या दोन टोपल्या ठेवल्या. ही माणसं आयुष्यभर मोठं ते पहिलं आणि बारीक ते बाद असंच करत आलीत. त्याने डोळ्यांकडे पाहिलंच नाही. सगळे आंधळे स्वतःच्या हाताने निवडले, लाकडाच्या भुशात निजवले, वर फीत बांधली.

मुकादम दारात उभा होता. त्याने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रेडिओ मोठा केला. हवामानवाला म्हणाला, यंदा हंगाम उत्तम. मुकादम म्हणाला, “खोटं.” एवढंच.

बारके माझ्या ट्रंकेत स्वेटरमध्ये गुंडाळलेत. काकाचं फूल आता माझ्या स्वेटरमध्ये आहे. काय करू?

भिंगरी

•

८ मार्च

माझ्या पोरी,

मी इतकी हसले की शेजारीण धावत आली. तिला वाटलं मी रडतेय. तिला सांगितलं, एक पाहुणा पाय घसरून पडला.

पहिल्यांदा वाटलं, कंद इथे लावू, प्रदर्शनात काकाच्या नावाने मांडू. मग डोकं थंड केलं. फोटो झेंडूकडे, पत्रिका झेंडूकडे, इतके महिने त्याने गावगप्पा केलेल्या. मी फूल घेऊन गेले तर चोर मीच ठरणार. काकाचं नाव त्या फुलाला लागायची वाट त्याने बंद केलीय. मग त्याची वाटही मी बंद करणार.

ऐक. नाव देण्याआधी मंडळाची एक जुनी रीत आहे. फूल हॉलमधून रांगेरांगेने फिरवतात आणि तीनदा विचारतात, “मंडळाच्या वाफ्याबाहेर, हे कुणाच्या अंगणात आहे?” सभासद असो की तिकीट काढून आलेला, कुणीही उत्तर द्यावं. सगळे गप्प राहिले तर फूल नवं, त्याला नाव मिळतं. एकाने जरी तेच फूल पुढे धरलं तर ते घरगुती ठरतं, मग त्याला कधीच कुणाचं नाव लागत नाही. काकाच्या डोळ्यांदेखत एकदा एक पिवळं असंच बाद झालं होतं. करणारा माणूस हॉलमध्येच खाली बसला.

मला झेंडू तसा बसलेला बघायचाय.

तेव्हा एक डोळस कंद त्याच्या वाफ्यात लाव. हो, लाव. त्याच्या हातात फूल असायला हवं, नाहीतर तो मंचावर चढणारच कसा? बाकीचे मला आणून दे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत फुटवे काढून रुजवते. मग तू घेऊन जा आणि तुझी ती भटकंती यंदा तरी कामाला लाव. जिथे जाशील तिथे दे. मंडळवाल्यांना नको, त्यांच्या जिभेला हाड नाही. ज्यांनी मंडळाचं नावही ऐकलं नाही अशांना दे.

आणि काकाचं नाव घ्यायचं नाही. एकाने जरी म्हटलं की हे अमक्याकडून आलंय, तर झेंडू म्हणेल, सगळी एकाच घरची रोपं, हे घरगुती नव्हे. कुणाचं विचारलं तर सांग, माहीत नाही.

मला कळतंय मी काय करतेय. जे झेंडूच्या आईला मिळणार नाही ते काकालाही मिळणार नाही. चालेल.

काकू

•

२ जून

काकू,

रोपं संपली. हातात फक्त चिखल उरलाय.

कुठे कुठे दिली ते सांगते. नदीवर नाव सुटते तिथे तिकिटं फाडणारी बाई आहे, तिच्या खिडकीखाली. एका न्हाव्याला. शाळेच्या शिपायाला, तो म्हणाला मुलं तोडतील, मग स्वतःच काट्याकुट्याचं कुंपण घालत बसला. पेट्रोल पंपावर, जिथे काही उगवत नाही म्हणतात, तिथे दोन. एका माणसाने मला फुकट वीस कोस नेलं, त्याला दिलं, तर तो म्हणाला मला घरच नाही, मी ट्रकमध्ये राहतो. मग डब्यात लावून दिलं. आता ते माझ्याहून जास्त फिरतंय.

न्हाव्याने माझे केस अर्धे कापून झाल्यावर विचारलं, “नाव काय याचं?”

“नाही नाव.”

“बिननावाचं? मग पाणी घालताना हाक काय मारू?”

“हाक मारायची गरज नाही, पळून जात नाही ते.”

“तुझ्यासारखं नाही म्हणजे.” तो पहिल्यांदाच भेटला होता, काकू! कपाळावर लिहिलंय का माझ्या?

खरं सांगू, तेव्हा काकाचं नाव जिभेवर आलं होतं. तो बिचारा आरशातून बघत होता, कात्री थांबवून. मी म्हटलं, माहीत नाही. आणि अर्ध्या डोक्याने तशीच उठून आले. अर्धं अजून लांब आहे.

तुझं नक्की ना? अजून मागे फिरता येईल. फुलं यायला वेळ आहे.

मुकादमाचं पत्र आलं होतं, त्यात मजा आहे. शाखांकडून तक्रारी सुरू झाल्यात की कंद उगवत नाहीत. झेंडूने सगळ्यांना कळवलं, ‘धीर धरा, पाणी वाढवा.’ त्याच्या वाफ्यातलं ते एक मात्र छातीएवढं झालंय आणि तो सगळ्यांना तेच दाखवतो. बघा, माझं आलं, तुमचंच लक्ष नाही!

भिंगरी

•

१५ जुलै

भिंगरे,

इथल्या शाखेने पाणी वाढवलं. मग आणखी वाढवलं. आता त्या वाफ्यात बेडूक आहेत. शाखेच्या चिटणीसबाई रोज सकाळी तिथे बसून कंदाला सतार ऐकवतात. परवा मला विचारलं, “काय चुकत असेल हो?” मी म्हटलं, “भैरवी वाजवून बघा.”

मन बदललं का म्हणून विचारतेस. त्याने खांद्यावर ठेवलेला हात अजून मला जड लागतो. नाही बदललं.

प्रदर्शन वीस सप्टेंबरला. ज्यांना रोपं दिलीस त्यांना तिकिटासह घेऊन ये. प्रत्येकाच्या हातात आपापलं फूल. काही पढवू नकोस. विचारलं तर खरं ते सांगा म्हणावं. आणि केस नीट कापून ये.

काकू

•

२२ सप्टेंबर

भिंगरे,

कुठे होतीस? तुझी माणसं आली आणि तू नाहीस! तिकिटवाली बाई, शिपाई, न्हावी, सगळे रांगेत बसले होते आणि एकमेकांच्या फुलाकडे संशयाने बघत होते. न्हावी म्हणाला, “ती अर्ध्या केसांची कुठाय?” मला काय माहीत, म्हटलं.

तू नव्हतीस, तेव्हा ऐक.

हॉल रिकामा रिकामा दिसत होता. शाखांची टेबलं पांढरी कापडं घालून तशीच, वर फूल नाही. झेंडू मंचावर, पुढे फुलदाणीत ते एकच. मी डोळ्यांनी पाहिलं, भिंगरे. फोटो वेगळा. पंख्याच्या वाऱ्याने पाकळ्या उलटल्या आणि राख उडाली. माझा हात आपोआप शेजारच्या खुर्चीवर गेला. तिथे दुसरंच कुणी होतं.

दुसरं कुणी म्हणजे झेंडूची आई. चाकाच्या खुर्चीत आणली होती, नवं लुगडं, कानाने ठार बहिरी. मी पहिल्या रांगेत बसते म्हणून तिला माझ्याच शेजारी आणून ठेवलं. माझा हात तिच्या हातावर पडला आणि तिने तो धरूनच ठेवला. मला वाटलं होतं सटवी असेल. ती आपली चिमणीएवढी.

नोंदणीच्या बाईंनी फूल रांगेरांगेने फिरवलं. पहिल्यांदा विचारलं, “हे कुणाच्या अंगणात आहे?” सगळे गप्प. तुझे लोकही गप्प! दुसऱ्यांदा विचारलं. न्हावी उठला. “अंगण नाही, दुकानापुढे आहे. चालतं का?” आणि फूल वर धरलं.

मग तिकिटवाली. “आमच्या खिडकीखाली आहे.” शिपाई म्हणाला, “शाळेत आहे, पण तोडू देत नाही मी. हे एकच तोडलं, आज.” मागून कुणीतरी ओरडलं, “माझं ट्रकमध्ये आहे!” हॉल हसायला लागला. निवडुंग गट तर बाकं बडवत होता.

झेंडूचा चेहरा पिवळा पडला. मंचावरून उतरला आणि थेट माझ्याकडे आला, वाकून कानाशी बोलला. त्याला कळलं होतं. काय कळलं, किती कळलं, कोण जाणे.

“वहिनी, तुमच्या ह्यांचं नाव लावू. आत्ता, इथेच. ही सगळी रोपं तुमच्या घरून गेली एवढंच सांगा. मग फूल एकाच घरचं ठरतं, नियम आड येत नाही. मी स्वतः जाहीर करतो.”

भिंगरे, हेच मागत होते ना मी? वर्षभर? त्याच्या तोंडून, सगळ्या हॉलसमोर. नुसतं हो म्हणायचं होतं.

पण तो म्हणाला, मी स्वतः. आणि मला पुढचं मुखपृष्ठ दिसलं. पांढरी विजार, हातात ध्वनिवर्धक, शेजारी डोळे पुसणारी मी. किती मोठ्या मनाचे अध्यक्ष! काकाचं नाव त्याने द्यायचं, आणि मी ते त्याच्या हातून घ्यायचं.

मी त्याच्याकडे बघून हसले. तेच हसू. मग उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, “आमच्याही परसात आहे. कुणी दिलं ते आठवत नाही.”

तिसऱ्यांदा विचारायची वेळच आली नाही. बाईंनी पाटीवर लिहिलेलं त्याच्या आईचं नाव पुसलं. तो खाली बसला, तिथेच, पायरीवर, पांढऱ्या विजारीसकट.

माझ्या तोंडावरचं हसू गेलं एकदाचं.

त्याची आई मात्र माझा हात हलवून विचारत होती. बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “लावलं का गं माझं नाव? लावलं का?” मी तिचा हात सोडवून बाहेर आले.

काकू

•

५ ऑक्टोबर

काकू,

मी निघाले होते. बसमध्येही बसले होते. वाटेत मधमाश्यांच्या पेट्या नेणारा टेम्पो कलंडला. सगळी माणसं पळाली आणि मी उतरले. तो पेटीवाला एकटाच “हळू, हळू, माझ्या बायांनो” म्हणत त्यांना गोळा करत होता, त्याला सोडून कशी येऊ? डोळा सुजला, दुसऱ्या दिवशी उघडला. माफ कर.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तू खरंच ‘आठवत नाही’ म्हणालीस? काकाबद्दल? मी असते तर हो म्हटलं असतं. झेंडूच्या हातून तर झेंडूच्या हातून. नाव कुठून आलं ते दोन वर्षांनी कोण बघतं? नाव राहतं.

मुकादम लिहितो, झेंडूने राजीनामा दिला. नवी कमिटी बसतेय. तू एकदा जाऊन बोल. अजून काही करता येत असेल.

भिंगरी

•

१७ ऑक्टोबर

भिंगरे,

काही करता येत नाही. ती रीत त्यांच्याही बापाला मोडता येणार नाही, आणि मी ते बघूनच बोलले होते.

काल दारावर भाजीवाली आली. तिला फूल दिसलं. म्हणाली, “हे इकडेही आलं वाटतं! सगळीकडे दिसतंय हल्ली.” मला राहवलं नाही. म्हटलं, “हे माझ्या नवऱ्याने केलंय.” ती काटा सरळ करत म्हणाली, “हो का? खालच्या आळीतला मास्तरही हेच म्हणतो.” आणि वांगी तोलायला लागली.

मी वाद घातला नाही. कशाच्या जोरावर घालणार? हॉलभर माणसांसमोर मीच म्हटलंय, आठवत नाही.

तू मला हो म्हणायला हवं होतं म्हणतेस. असेल. तू चांगली आहेस, तुझ्या बापासारखी, कोंबडी खांद्यावर बसवणारी. मी नाही. त्या पायरीवर बसलेला झेंडू मी रोज आठवते आणि मला बरं वाटतं. ती म्हातारी आठवली की नाही वाटत. दोन्ही खरं आहे, आणि पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

आता कंद काढायचे दिवस आले. यंदा माझ्याकडे टोपलीभर आहेत, सगळे डोळस, मी स्वतः कापणार. वसंतात ये. झेंडूच्या घरासमोर रस्त्याच्या पलीकडे सार्वजनिक जागेची एक पट्टी आहे, त्याच्या फाटकाच्या अगदी समोर. मी जाऊन बघून आले. माती बरी आहे, ऊनही आहे. तिथे लाव. दाट लाव. कुंपणाबाहेर आहे, त्याला काढता येणार नाही, आणि सकाळी दार उघडलं की पहिलं तेच दिसेल.

पाणी घालायला मी स्वतः येईन.

काकू